पंख्याला सुटी देणारा क्लच

डिझेल ट्रकच्या फॅन क्लचचा पूर्वज पंखा आहे आणि पंख्याचा जन्म हळू चालणाऱ्या गाडीसाठी झाला. १९००-०१ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीझच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला मधाच्या पोळ्यासारखा, हजारो नळ्यांचा रेडिएटर बसवला. त्याच्या मागे एक छोटा पंखाही होता. गाडी रखडली की समोरचा वारा थांबतो, त्या वेळेपुरता पंखा लागतो. पण पंखा इंजिनालाच जुंपलेला असल्यामुळे गाडी भरधाव असतानाही तो फिरत राही. पुढची कित्येक दशकं ट्रकमध्येही हेच चाललं.

हे महागात पडतं, कारण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला आठपट शक्ती लागते. मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण वेगात सहज चाळीसेक अश्वशक्ती खातो. इंजिन रस्त्यासाठी जे डिझेल जाळतं, त्यातलंच हे वाऱ्यावर जातं.

यावरचा उपाय आला तो भलत्याच घराण्यातून. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी सिलिकॉनच्या संयुगांवर काम केलं आणि ‘सिलिकोन’ हे नाव रूढ केलं. या चिकट पदार्थांना काही भवितव्य आहे, असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. पुढे महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेत डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली आणि सिलिकोन तेल कारखान्यात बनू लागलं. साधं तेल तापलं की पातळ होतं. हे तेल तापलं तरी आपला दाटपणा बराचसा टिकवून ठेवतं. क्लचला नेमकं तेच हवं होतं.

या तेलावर अमेरिकेत ईटन, श्विट्झर यांसारख्या कंपन्यांनी विस्कस क्लच घडवला. दोन खाचदार चकत्या एकमेकींत बसवलेल्या, मध्ये तेल. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची द्विधातूची पट्टी वळते, झडप उघडते, खाचांत तेल शिरतं आणि पंखा इंजिनाबरोबर फिरू लागतो. हवा थंड झाली की तेल माघारी जातं. सुरुवातीला याची ओढ होती ती कारवाल्यांना, कारण पंख्याची घरघर कमी व्हायची. डिझेल वाचवणं हे त्याचं पहिलं काम नव्हतंच.

ते काम त्याच्याकडे आलं १९७३ च्या तेलसंकटानंतर. त्याच दशकात अमेरिकन सरकारने ट्रकच्या आवाजावरही मर्यादा घातल्या. पंखा थांबवला की दोन्ही प्रश्न हलके होत होते. मिनेसोटातल्या हॉर्टनसारख्या कंपन्यांचे हवेच्या दाबावर चालणारे क्लच मग ट्रकमध्ये दिसू लागले. त्यांचा हिशेब सरळ: पंखा पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण सुटा.

मग जुना क्लच काढून नवा बसवला तर डिझेल वाचतं का? आधी काय होतं, यावर ते ठरतं. पंखा कायमचा जोडलेला असेल तर बचत भरघोस. चांगला चालणारा विस्कस क्लच असेल तर थोडीच. तो सुटा असतानाही पंखा थोडा ओढला जातो. समजा, तो इंजिनाकडच्या बाजूच्या पाव वेगाने फिरतोय. मग पंख्याला लागते चौसष्टावा हिस्सा शक्ती. पण चकत्यांच्या घसरण्यातही शक्ती तेल तापवण्यात जाते, म्हणून इंजिनाकडून एकूण जातो सोळावा हिस्सा: चाळिसातली अडीच अश्वशक्ती. सपाट महामार्गावर दोनेकशे अश्वशक्ती वापरणाऱ्या ट्रकला हे साधारण सव्वा टक्का पडतं. महिन्याला हजारो किलोमीटर धावणाऱ्याने जरूर मोजावं. बाकीच्यांनी नव्या क्लचची किंमत आधी बघावी.

आपल्याकडेही विस्कस क्लच म्हणजे ‘विस्को’ आता ओळखीचा आहे आणि त्याच्याशी होणारी एक चूकही. घाटात इंजिन तापलं, क्लचवर संशय आला की तो बोल्ट मारून कायमचा जाम करून टाकतात. त्या दिवसापासून ट्रक पुन्हा शंभर वर्षं मागच्या पंख्यावर चालतो आणि डिझेल का वाढलं, याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. क्लच बिघडला असेल तर बदला, पण जाम करू नका. आणि बदलण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, किडे आणि कचरा धुऊन काढा. पंखा पुष्कळदा त्यांच्यामुळेच फिरत राहिलेला असतो.