बदललेला पत्ता आणि टपालाचा खाजगीपणा

1854 साली भारतात अंतर न मोजता वजनावर आकारले जाणारे, अर्ध्या आण्यापासूनचे एकसमान टपालशुल्क लागू झाले आणि 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, तेव्हा पत्र लिहिणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मात्र घर बदललेल्या माणसाचा पाठलाग करण्याचे कामही टपालखात्याच्या गळ्यात पडले. पुनःप्रेषण, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेले टपाल नव्या पत्त्यावर वळते करणे, ही वरवर साधी सेवा. प्रत्यक्षात जुना पत्ता शाईने खोडून शेजारी नवा लिहिला जाई आणि कोण कोठे राहायला गेले हे पाकीट हाताळणाऱ्या प्रत्येकाला कळे. पोस्टकार्डाच्या बाबतीत तर मजकूरही उघडाच असे, हा स्वस्ताईचा फारसा न बोललेला मोबदला.

ज्याचा माग लागत नसे ते पत्र 'डेड लेटर ऑफिस'कडे, म्हणजे बेवारस पत्रांच्या कचेरीकडे जाई. 1898 च्या टपाल कायद्याने अशी पत्रे गरज पडल्यास उघडण्याची मुभा गुप्ततेने बांधलेल्या नियुक्त अधिकाऱ्यालाच दिली. त्याच कायद्याचे कलम 26 मात्र सार्वजनिक आणीबाणीत सरकारला टपाल अडवू देत असे. त्याची व्याप्ती वाढवणारे 1986 चे विधेयक संसदेने संमत केले, तरी राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. 2023 च्या नव्या कायद्याने जुना कायदा रद्द केला, पण टपाल अडवण्याचा अधिकार कायम ठेवला.