ट्रेंड-फॉलोइंग सौदे : बाहेर पडण्याचे नियम

भावाने एक दिशा धरली की त्या दिशेने सौदा करायचा आणि ती टिकेल तोवर तो सोडायचा नाही, ही ट्रेंड-फॉलोइंग पद्धत. दिशा मोडली हे कशावरून मानायचे, याचा आधीच ठरवून ठेवलेला निकष म्हणजे बाहेर पडण्याचा नियम. चुकलेला सौदा थोड्या तोट्यात कापणे आणि जमलेल्या सौद्याला मोकळीक देणे, ही त्याची दोन कामे. या विषयावरच्या लेखनात कधी शिरावे याचीच चर्चा अधिक होते. प्रत्यक्षात नफ्यातोट्याचे रूप बाहेर पडण्याच्या नियमाने जास्त ठरते, कारण या पद्धतीत निम्म्याहून अधिक सौदे सहसा तोट्याचे असतात आणि सारी भरपाई मोजक्या मोठ्या सौद्यांतून होते.

सुरुवातीच्या पद्धतींत बाहेर पडण्याचा वेगळा नियम नव्हता. अमेरिकेतील रिचर्ड डाँचियन (१९०५–१९९३) यांच्या प्रसिद्ध चार आठवड्यांच्या नियमात भाव मागील चार आठवड्यांच्या उच्चांकावर गेला की खरेदी आणि नीचांकाखाली गेला की विक्री. विरुद्ध संकेत येईल तेव्हाच आधीचा सौदा संपे आणि त्याच क्षणी उलटा सुरू होई. नियम साधा आणि टिकाऊ, पण दिशाहीन बाजारात तो दोन्ही बाजूंनी मार खातो.

शिरण्यासाठी लांब आणि निघण्यासाठी आखूड मुदत वापरण्याचे सर्वांत परिचित उदाहरण ‘टर्टल’ गटाचे. १९८३ च्या अखेरीस शिकागोतील सट्टेदार रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांनी, सौदे करणे शिकवता येते का या आपल्या वादाचा निकाल लावण्यासाठी, काही जणांना निवडून नियम शिकवले. पहिल्या पद्धतीत २० दिवसांचा उच्चांक ओलांडल्यावर खरेदी आणि १० दिवसांच्या नीचांकाला एक्झिट. दुसरीत ५५ आणि २० दिवस. विक्रीच्या सौद्यांना हेच उलट. याखेरीज प्रत्येक सौद्याला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा कापण्याचा आधीच ठरवलेला भाव, होता. बाजाराच्या सरासरी दैनंदिन चढउताराला ते ‘एन’ म्हणत आणि स्टॉप शिरण्याच्या भावापासून दोन ‘एन’ अंतरावर असे. भाव अर्धा ‘एन’ अनुकूल सरकला की नवे युनिट, म्हणजे सौद्याचा ठरीव आकाराचा हिस्सा, जोडले जाई आणि आधीच्या युनिटांचे स्टॉपही तितकेच वर सरकत.

आकड्यांनी पाहू. १,००० ला एकच युनिट घेतले आणि ‘एन’ २० असला, तर स्टॉप ९६० ला. भाव १,४०० पर्यंत चढून उतरू लागला आणि दहा दिवसांचा नीचांक १,३१० असेल, तर तिथे सौदा संपतो. शिखरावर दिसणाऱ्या ४०० पैकी ९० परत जातात. ही नियमातली चूक नव्हे, मोठ्या कलात टिकून राहण्याची ती किंमत आहे. १,१०० ला ठरीव टार्गेट घेऊन निघालेल्याला पुढचे २१० कधीच मिळत नाहीत. आणि वर्षभरातले असे दोनतीन सौदे गमावले तर लहान तोट्यांची भरपाई होत नाही. म्हणून या पद्धतीत ठरीव टार्गेट घातकच मानावे.

चढउतारानुसार अंतर बदलणाऱ्या नियमांचा पाया जे. वेल्स वाइल्डर यांच्या १९७८ च्या पुस्तकात आहे. एटीआर हे सरासरी चढउताराचे माप आणि पॅराबोलिक एसएआर हा दिवसागणिक भावाजवळ सरकणारा स्टॉप, दोन्ही त्यातलेच. चक लेबो यांचा शँडेलियर एक्झिट कलातल्या उच्चांकापासून ठरावीक एटीआर, बहुधा तीन, खाली टांगलेला असतो. तो वर जातो, खाली कधीच येत नाही.

नियम पाळणे मात्र स्वभावाच्या विरुद्ध जाते. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये मांडले की गुंतवणूकदार नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले धरून ठेवतात. टेरन्स ओडियन यांनी १९९८ मध्ये एका ब्रोकरच्या १०,००० खात्यांवरून त्याला दुजोरा दिला. ट्रेंड-फॉलोइंगला याच्या नेमके उलट वागावे लागते.

स्टॉपमुळे परतावा आपोआप वाढतो, हा समजही टिकत नाही. कॅथरिन कॅमिन्स्की आणि अँड्र्यू लो यांच्या विश्लेषणानुसार भावांची चाल निव्वळ यादृच्छिक असेल तर स्टॉपलॉस अपेक्षित परतावा घटवतो. चालीत सातत्य असेल तरच तो वाढवू शकतो. म्हणजे बाहेर पडण्याचा नियम कल असलेल्या बाजारातच अर्थपूर्ण ठरतो. मुदत १० दिवस की १२, यावर जुन्या आकडेवारीत घोळत बसण्यात फारसे हशील नाही. शेजारच्या आकड्यांवर कोलमडणारा नियम मुळातच कच्चा असतो.

नियमाला बाजाराचीही मर्यादा असते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर स्थिरावला. लॉकडाऊनमुळे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारातले व्यवहार तेव्हा संध्याकाळी ५ वाजताच बंद होत. घसरण झाली ती भारतातल्या रात्री. एमसीएक्सवर त्या दिवशी संपणाऱ्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा हिशेब अखेर उणे २,८८४ रुपये प्रतिबॅरलने झाला. खरेदीचा सौदा उघडा राहिलेल्यांचा स्टॉपलॉस कितीही विचारपूर्वक ठरवलेला असो, तो लागू व्हायला बाजारच उघडा नव्हता. अशा रात्रीपासून संरक्षण मिळते ते फक्त सौद्याच्या आकारातून, आणि तो शिरण्याआधीच ठरवावा लागतो.