एका शब्दाचे दोन धनी

‘वऱ्हाड’ या शब्दाचे दोन अर्थ घाटंजीच्या पोराटोरांनाही ठाऊक आहेत. एक लग्नाचे वऱ्हाड आणि दुसरे आपला मुलूख. तरी घोटाळा कधी होत नाही. वऱ्हाड जेवायला बसले म्हटल्यावर सारे जिल्हे पंगतीला आले असे कोणी समजत नाही. ‘मोगलाई’चेही तसेच. पैनगंगेपलीकडचे निजामाचे राज्य ती मोगलाई, आणि घरात वा कचेरीत अंदाधुंदी माजली तर तीही मोगलाईच. मागचापुढचा संबंध पाहून ऐकणारा हवा तो अर्थ उचलतो. तेव्हा एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. थोड्या शब्दांत मोठा संसार चालविण्याची ती भाषेची काटकसर आहे.

मग दोष कोठे उत्पन्न होतो? दोन पक्ष एकाच शब्दावर सही करतात आणि दोन निरनिराळे अर्थ घेऊन घरी जातात, तेथे. याचे उदाहरण शोधायला दूर जाणे नको. ज्या भूमीवर आपण बसलो आहोत तिची मालकी सुमारे शंभर वर्षे अशाच एका शब्दावर लोंबकळत होती.

वऱ्हाडला दोन धनी असणे तसे नवीन नव्हते. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही येथील वसूल वाटून घेत. त्या कारभाराला ‘दोअमली’ म्हणत. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे आले. पण त्या दोअमलीत निदान लपवाछपवी नव्हती. रयतेला दोन्ही धनी डोळ्यांसमोर दिसत. पुढची दोअमली कागदातली होती.

निजामाच्या खर्चाने पोसलेली, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. तिचा पगार थकला, कंपनीचे कर्ज चढले. मे १८५३ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत तह झाला. डलहौसीला मुलूख कायमचा हवा होता. त्या गोष्टीला निजाम राजी होईना. तेव्हा रेसिडेंट कर्नल लो यांनी ‘कायम’चा आग्रह सोडला आणि ‘असाईन’ या शब्दावर तडजोड झाली. येथून आपल्या प्रांताचे सरकारी नाव पडले, ‘हैदराबाद असाईन्ड डिस्ट्रिक्ट्स’.

आता ‘असाईन’ म्हणजे काय? सोपविणे, नेमून देणे, हक्क दुसऱ्याच्या नावे करणे, हे सारे त्यात बसते. आपल्या देशाच्या जुन्या रिवाजाने फौजेच्या खर्चासाठी मुलूख लावून दिला तर वसूल त्याचा, पण भूमी धन्याचीच राहते. जहागीर आणि सरंजाम यांचा अर्थ तोच. निजामाने शब्द त्या अंगाने घ्यावा हे स्वाभाविक होते. इंग्रजांनी मात्र ताबा घेतला आणि तो सोडला नाही. १८६० च्या तहात रायचूर दुआब व धाराशिव परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले; वऱ्हाड मात्र ‘विश्वस्त’ म्हणून इंग्रजांकडेच राहिले. सालारजंग यांनी पुढे वऱ्हाड परत मागून पाहिले, इंग्लंडलाही जाऊन आले. उपयोग झाला नाही.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी कर्झनने नवा शब्द आणला, ‘कायमचा पट्टा’. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला मिळावयाचे, आणि ज्या फौजेसाठी मुलूख दिला ती हवी तशी हलविण्याची इंग्रजांना मोकळीक. आपल्याकडे शेत मक्त्याने देतात. मक्ता सरला की शेत धन्याकडे येते म्हणून तर त्याला मक्ता म्हणायचे. जो कधीच सरत नाही तो मक्ता की विक्री? निजामाला पुढे ‘जी. सी. बी.’ हा किताब मिळाला, तेव्हा त्या अक्षरांचा खरा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड दिले, असा विनोद पसरला!

या शब्दच्छलाची झळ प्रजेला लागली. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतेच. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी लोकांच्या मतांनी निवडला जाई, पण कागदोपत्री तो सरकारने ‘नेमलेला’ ठरे. लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखा आपल्या जिल्ह्याचा पुढारी वऱ्हाडतर्फे तेथे बसे. मत आमचे आणि शब्द मात्र सरकारचा!

शेवटच्या निजामाने वऱ्हाड परत मागितले, बरोबरीच्या नात्याने बोलू लागला. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय रीडिंग यांनी कळविले की इंग्रजांची सत्ता सर्वोच्च आहे, तिच्याशी बरोबरीने बोलणी होऊ शकत नाहीत. शब्दाचा अर्थ कोशातून निघाला नाही, तो सत्तेतून निघाला. १९३६ च्या कराराने निजामाला वऱ्हाडच्या नावाची पदवी आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. कारभार मध्यप्रांताबरोबरच राहिला. धनीपणाचा शब्द एकाकडे, धनीपणा दुसऱ्याकडे.

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले, सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता आटोपली, आणि २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. या साऱ्यात एक गोष्ट आम्हांस मोठी वाटते. ‘धनी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तहाच्या कागदातून निघून मतदाराच्या हाती आले.

कवीही दोन अर्थांचा शब्द वापरतो. पण त्याचा श्लेष दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या ओंजळीत टाकतो. मुत्सद्द्याचा श्लेष एक अर्थ देतो आणि दुसरा आपल्या खिशात राखून ठेवतो. म्हणून कविता ऐकताना शब्दाला मोकळे सोडावे. पण गहाणखत असो, मक्त्याचा करार असो की निवडणुकीतले आश्वासन, तेथे सहीच्या आधी एवढे विचारावे, ‘या शब्दाचा तुमचा अर्थ कोणता?’ हा प्रश्न विचारायला फारशी विद्वत्ता लागत नाही. तो वेळेवर आणि खड्या आवाजात विचारावा लागतो, इतकेच.