उपकरण-उड्डाण : स्वनिर्मित विमानांतील सक्तीची उपकरणे

ढग, धुके किंवा अंधारामुळे क्षितिज दिसेनासे झाले, की केवळ उपकरणांच्या आधारे केले जाणारे उड्डाण. हौसेने स्वतः बांधलेल्या विमानालाही यासाठी कायद्याची सूट नाही.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे मूळ रहिवासी कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, आणि उड्डाणाची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. नोंदणी आणि उडण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढगात शिरण्याची मुभा ही तिसरी.

विमान नियम, १९३७ मधील नियम ५७ प्रमाणे उड्डाण कशासाठी व कोणत्या परिस्थितीत होणार, त्यावरून उपकरणे ठरतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात खासगी विमानांच्या उपकरण-उड्डाणासाठी होकायंत्र, सेकंद दाखवणारे घड्याळ, उंचीमापक, वेगमापक, वळण व घसरण दाखवणारे उपकरण, कृत्रिम क्षितिज, जायरो दिशादर्शक, बाहेरील तापमान आणि चढ-उताराचा वेग दाखवणारी उपकरणे सांगितली आहेत. वेगमापक दवाने वा बर्फाने बंद पडू नये म्हणून त्याला हवेचा दाब पुरवणारी पिटो नळी तापवण्याची सोय लागते. जायरोला, म्हणजे या उपकरणांतील वेगाने फिरणाऱ्या चाकाला, पुरेशी शक्ती मिळते की नाही, हेही दिसले पाहिजे. ही तरतूद फार मोलाची आहे : ढगात कानातील तोल वैमानिकाला फसवतो, आणि मंदावलेला जायरो त्या फसगतीत भरच घालतो.

अमेरिकेत स्वनिर्मित विमानाच्या चालन-मर्यादांतच अट असते : तिथल्या विमान नियमांतील कलम ९१.२०५ प्रमाणे साहित्य नसेल, तर उड्डाण फक्त दिवसा आणि डोळ्यांनी बघत. नियंत्रित हवाईक्षेत्रातील उपकरण-उड्डाणासाठी उंचीमापक दर २४ महिन्यांनी तपासावा लागतो.

भारतात १०,००० फुटांखाली दृष्टि-नियमांनी, म्हणजे डोळ्यांनी बघत, उडायला ५ किमी दृश्यमानता, ढगापासून आडवे १,५०० मीटर व उभे ३०० मीटर अंतर लागते. पावसाळ्यात सुमारे १,३७० मीटर उंचीचे महाबळेश्वर दिवसेंदिवस ढगात असते. तेव्हा कराड-सांगलीच्या कृष्णाकाठावरून घाट ओलांडायचा, तर वरील साहित्य, त्याला अनुरूप परवाना आणि उपकरण-उड्डाणाची पात्रता मिळवलेला वैमानिक, हे तिन्ही लागतात.