अरबीच्या पहिल्या धड्याआधी

अरबी शिकवणारी बहुतेक ॲप्स नवशिक्याला कोरी पाटी धरून चालतात. महाड-पोलादपूरकडे अशी पाटी शोधावी लागते. मकतबात, म्हणजे मशिदीच्या शाळेत, ‘नूरानी कायदा’ हे अक्षरओळखीचं पुस्तक संपवलेली मुलगी जेर-जबर-पेश या स्वरखुणा दिलेला मजकूर खडाखडा वाचते. अर्थ तिला कुणी सांगितलेला नसतो. तिच्याच गावचा एखादा मोरे कुवेतला गाडी चालवून परतलेला. अरबाशी घासाघीस करील, थट्टाही करील, पण दुकानावरची पाटी त्याला वाचता येत नाही. आणि कापडे गावातला आयटीआय झालेला, आखाताच्या व्हिसाची वाट पाहणारा पोरगा अलिफ पहिल्यांदा पाहतो तोच मोबाइलवर. ॲप तिघांनाही एकाच पायरीवर उभं करतं.

डिजिटल अरबी अध्यापनाकडे नव्याने वळणाऱ्या शिक्षकाने माझ्या मते इथूनच आत यावं. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली ‘डायग्लॉसिया’वर लेख लिहिला, तेव्हा चार उदाहरणांत अरबी घेतली होती: लिहायची भाषा एक, घरात-बाजारात बोलायची दुसरी. ‘काय हवं?’ हे ॲप शिकवतं ‘माझा तुरीद’ (हा ‘माझा’ आपला नव्हे). कुवेतच्या दुकानात कानावर पडतं ‘श-तबी’. मोरेंना दुसरं येतं, पहिलं परकं वाटतं. पोराला दोन्ही लागणार, आणि त्याच्या हातात वेळ थोडा.

मुलीची अडचण वेगळी. वर्तमानपत्रात जेर-जबर नसतात. क-त-ब ही तीन अक्षरं ‘कतब’ (त्याने लिहिलं) वाचायची, ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) की ‘कुतुब’ (पुस्तकं), हे वाक्यावरून ठरतं. म्हणजे अर्थ कळल्याशिवाय वाचताच येत नाही. इथे मोबाइलचा पडदा कागदापेक्षा उपयोगी. खुणा आधी सगळ्या दाखवाव्यात, ओळखीच्या शब्दांवरून एकेक उतरवाव्यात, अडलं तर बोट लावताच परत याव्यात. उच्चाराच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी मकतबात बसून यावं. क़ाफ घशातून काढला तर ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, साधा क लावला तर ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. मखरज (उच्चारस्थान) चुकला की मौलवींचा कान तो तिथल्या तिथे पकडतो.

राहिली माध्यमाची गोष्ट. ड्युओलिंगोने २०१९ साली अरबी आणली ती इंग्रजीतून समजावणारी. मराठीतून शिकवलं तर वकील, हिशेब, तारीख, महसूल हे शब्द आयतेच हाताशी आहेत. महाड तालुक्यातच शिवाजी महाराजांचा रायगड आहे. त्यांनी करवून घेतलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो उघडला तर अरबीच्या विद्यार्थ्याला शब्दांची यादी फुकटात मिळते, कोशकारांचा हेतू नेमका उलटा असला तरी! अर्थ तेवढे तपासून घ्यावेत. आपली ‘तक्रार’ अरबीत नुसती पुनरावृत्ती असते.

तेव्हा धडे लिहायला बसण्याआधी मोरेंसारख्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, मकतबातल्या मुलीला खुणांविना चार ओळी वाचायला द्या आणि ती कुठे अडते ते टिपून ठेवा. धडे मोबाइलवर उतरवून ठेवता येतील असेच करा. पावसाळ्यात डोंगरातल्या गावांना रेंजचा भरवसा नसतो.