शेवयांची परदेशी बहीण



लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवर स्वयंपाकाला जाणाऱ्या आपल्यातल्या काहीजणी पाहुण्यांसाठी पास्ता करतात. घरी मुलांनी मागितला की मात्र म्हणतात, "ते बंगलेवाल्यांचं खाणं, आपल्याला कशाला?" म्हणून आज या खाण्याचा इतिहास सांगते.

पास्ता म्हणजे काय? गव्हाचा रवा घट्ट मळायचा, आकार द्यायचा, वाळवायचा आणि लागेल तेव्हा शिजवायचा. शेवया आठवल्या ना? इटलीतल्या सिसिली बेटावर असा पदार्थ करून जहाजांनी दूरदूर पाठवतात, असं अल-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ साली लिहून ठेवलं. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'सेविका' आहे, म्हणजे आपल्या शेवयाच. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाटावर शेवया वळणाऱ्या आपल्या आज्यांची नावं मात्र कुठल्याच ग्रंथात नाहीत.

आता गव्हाकडे बघू. पास्त्याच्या पाकिटावर 'डुरम गहू' लिहिलेलं असतं. हा डुरम म्हणजे आपला बन्सी. मावळ भाताचा मुलूख, पण पूर्वेकडे देशावर कोरडवाहू रानात बन्सी पिकायचा. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं देशात आलं. पोळीचा गहू वाढला, भूक भागली, पण बन्सी मागे पडला. आज त्याच जातीचा गहू पाकिटातून महाग होऊन परत येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मात्र बन्सीवर काम चालू ठेवलं. तिच्या 'एमएसीएस ४०२८' या वाणात प्रथिनं १४.७ टक्के आहेत.

भाज्यांचंही असंच. काकडी मूळची आपल्याच देशातली. मिरची पोर्तुगीजांनी आणली, ती अमेरिका खंडातून. फरसबी आणि ढोबळी मिरचीही मूळच्या तिकडच्याच. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मुंबईकर वर आले, बंगले उठले. परकं म्हणून आलेलं किती काही आपल्या ताटात रुळलं!

तर उन्हाळ्यात गार खायचा हा पास्ता, आपल्या कोशिंबिरीच्या वळणाने. चार-पाच माणसांना पाव किलो पास्ता घ्या. अडीच लिटर पाण्याला उकळी आणून दोन चमचे मीठ घाला. पास्ता आठ-दहा मिनिटं शिजवा, आत किंचित कणी राहू द्या. शेवटच्या चार मिनिटांत चिरलेली फरसबी त्यातच टाका. निथळून पिण्याच्या गार पाण्यातून काढा, दोन चमचे तेल चोळा. मग काकडी, ढोबळी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, पुदिना, किसलेली कैरी आणि मूठभर दाण्याचं कूट घाला. चव बघून मीठ घाला. उन्हाळा आहे, दोन तासांत संपवा. पास्ता नसेल तर जाड शेवया भाजून, दोनच मिनिटं उकळून घ्या.

आणि एक काम करा. गावातल्या जुन्या बायकांकडून शेवयांची रीत आणि बन्सीची ओळख आत्ताच विचारून, वहीत त्यांच्या नावासकट लिहून ठेवा. पुढच्या वाळवणाला गटाने बन्सीचा रवा आणून शेवया केल्या, तर विकताना सांगायला आपल्याकडे इतिहासही असेल.