फोन हरवला तरी डेटा का वाचता येत नाही? समजून घ्या ‘क्रिप्टो ड्रायव्हर’चं काम

समजा, राजुरीचा एक शेतकरी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गेला आणि गर्दीत त्याचा फोन हरवला. त्यात घरचे फोटो, बँकेचे मेसेज, आधार कार्डाची प्रत. कोणी फोन खोलून मेमरी वाचली तर?

फोन नवा असेल आणि लॉक असेल, तर त्याला फक्त अर्थहीन अक्षरं दिसतील. कारण डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असतो.

हे कुलूप लावतं कोण?

बहुतेक फोनमध्ये त्यासाठी ‘एईएस’ ही पद्धत वापरतात. अमेरिकेने २००१ मध्ये ती प्रमाण मानली. फोटो साठवताना आणि उघडताना दर वेळी हे गणित करावं लागतं. ते नुसत्या सॉफ्टवेअरवर सोडलं तर फोन मंदावतो. म्हणून अनेक चिपमध्ये त्याची खास सोय असते.

मग ड्रायव्हर कशाला?

चिपमध्ये कोणती सोय आहे, हे अ‍ॅपला माहीत नसतं. अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्समध्ये एकाच पद्धतीचे अनेक ड्रायव्हर नोंदवलेले असतात. प्रत्येकाला प्राधान्याचा आकडा असतो आणि मोठ्या आकड्याचा ड्रायव्हर आधी निवडला जातो. चिपची खास सोय वापरणाऱ्या ड्रायव्हरचा आकडा सहसा मोठा असतो. अशी सोय नसेल तर साधा सॉफ्टवेअर ड्रायव्हर काम करतो, पण हळू.

स्वस्त फोनचं काय?

खरी अडचण इथे होती. कॉर्टेक्स-ए७ सारख्या स्वस्त प्रोसेसरमध्ये एईएसची सोयच नव्हती. २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने एन्क्रिप्शन सक्तीचं केलं, पण सेकंदाला सुमारे ५० एमबीचा वेग न गाठणाऱ्या फोनना सूट दिली. म्हणजे महागड्या फोनला कुलूप आणि स्वस्त फोन उघडा!

फेब्रुवारी २०१९ मध्ये गुगलने ‘अ‍ॅडियंटम’ ही पद्धत आणली. तिला खास हार्डवेअर लागत नाही. कॉर्टेक्स-ए७ वर ती एईएसपेक्षा सुमारे पाचपट वेगवान ठरली. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना ही सूट उरली नाही.

तुम्ही काय करायचं?

स्क्रीन लॉक लावा. कुलपाची किल्ली तुमच्या पिनशी जोडलेली असते. लॉकच नसेल, तर फोन ज्याच्या हातात, डेटाही त्याच्याच हातात. आणि हो, ‘१२३४’ हा पिन नको!